देल्मिराचा तिसरा इशारा

देल्मिरा आमच्या एल रेमान्सो गावची नदी वाचायची. पुलाखालच्या खांबावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे आहेत. पाणी कुठल्या पट्ट्याला लागलंय ते सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि वहीत लिहायचं. वर डोंगरातल्या गावातून एक जण तिला वायरलेसवर पाऊस किती झाला ते सांगायचा. वर फार पडला की चार तासांत तो आमच्याकडे उतरतो. तेवढ्या वेळात गावाला टेकडीवरच्या शाळेत चढवायचं, हे तिचं काम. त्या शाळेचा मी मास्तर.

दोनदा तिने गाव चढवलं आणि दोन्ही वेळा पाणी पलीकडच्या केळीच्या मळ्यात शिरलं. आमच्या उंबऱ्याला थेंब लागला नाही. दुसऱ्या वेळी आम्ही दोन दिवस बाकांवर झोपलो. उतरताना लोक हसत होते. तिची थोरली बहीण ओतिलिया सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "आमच्या देल्मिराला ढग दिसला की पूर दिसतो! लहानपणीसुद्धा आंघोळीला घाबरायची."

देल्मिरा हसली नाही आणि चिडलीही नाही. वही काखेत मारून घरी गेली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, ती शिट्टी वाजवत गल्लीतून फिरली. आमच्याकडे पाऊस नव्हता. ऊनही होतं थोडं. लोक कुरकुरत निघाले. कोणी कोंबड्या घेतल्या, कोणी टीव्ही. ओतिलियाची पावाची भट्टी होती आणि शनिवारी तिचे गोड पाव आसपासच्या चार गावांत जायचे. देल्मिरा तिच्या दारात गेली तेव्हा मी मागेच होतो, एका म्हाताऱ्याला हात देत.

"ताई, चल."

"पीठ फुगलंय, भट्टी पेटलीय. कुठे चल?"

"वर शाळेत. पाऊस फार झालाय डोंगरात."

"मागच्या वेळीही फार झाला होता. माझं दोन घमेली पीठ आंबून गेलं. ते तू भरून दिलंस?"

"ताई, ऐक ना."

"हे पाव निघू देत, मग येते. फाउस्तोला ने तू, त्याचे गुडघे दुखतात. जा गं, सगळं गाव खोळंबलंय तुझ्यासाठी."

देल्मिरा क्षणभर उभी राहिली. अजून चाळीस घरं बाकी होती. ती ओतिलियाच्या नवऱ्याला, फाउस्तोला, घेऊन निघाली.

पाणी दोन वाजता आलं. आम्ही वरून बघत होतो. आवाज आधी आला, मग झाडं आली, मग छपरं हलली. भट्टीची चिमणी थोडा वेळ दिसत होती आणि मग दिसेनाशी झाली. देल्मिरा व्हरांड्यात वही घेऊन उभी होती. तिने वेळ लिहिली.

ओतिलिया तिसऱ्या दिवशी सापडली, मळ्याच्या तारेपाशी. तीनशे बारा माणसांतली तेवढी एकच गेली.

जानेवारीत राजधानीतून, तेगुसिगाल्पाहून, साहेब आले. भाषणात ते देल्मिराच्या दूरदृष्टीबद्दल बोलले आणि तो शब्द छापलेलं काचेतलं प्रशस्तिपत्र त्यांनी तिच्या हातात दिलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन माझ्याकडे आली.

"मास्तर, ह्या शब्दाचा अर्थ नीट सांगा."

मी सांगितलं, "जे अजून व्हायचंय ते आधीच दिसणं. आणि दिसल्यावर त्याप्रमाणे तयारी करणं."

"दोन्ही लागतं?"

"हो. नुसतं दिसून भागत नाही."

तिने प्रशस्तिपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मला काही दिसलं नव्हतं. वरून आकडा आला, तो मी सांगितला. दिसलं असतं तर मी तिच्या दारातून हलले असते का? तिचे केस धरून ओढत आणली असती."

मी म्हटलं, "कॉफी घेणार?" ती हो म्हणाली आणि तिने पूर्ण कप संपवला. जाताना ते प्रशस्तिपत्र शाळेतच ठेवून गेली, नकाशांच्या कपाटावर.

काम तिने सोडलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "सोडून काय करू?" फाउस्तो तिच्याकडेच राहायला आला. दोघं समोरासमोर बसून राजमा आणि केळं खातात. दोघांपैकी कोणी रडलेलं मी पाहिलं नाही.

पुढच्या ऑक्टोबरात तिने पुन्हा शिट्टी वाजवली. अर्ध्या तासात गाव वर होतं. कोणी चूल विझवायलाही थांबलं नाही. फाउस्तो काठी टेकत सगळ्यांच्या आधी पोचला होता. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पाणी आलंच नाही. कोणी हसलं नाही. एक बाई देल्मिराला म्हणाली, "वाचलो बाई."

देल्मिरा म्हणाली, "हो," आणि लोकांची उष्टी भांडी गोळा करायला लागली.