केळवणाला गेले आणि झोपून आले

मंडळी, रविवारी माझं लग्न आहे आणि आज सकाळी आरशात बघून मला रडूच आलं. डोळ्यांखाली काळं, चेहरा पार उतरलेला!

इकडे उत्तरेत, आमच्या दूधविनायकच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, पण नवरीला केळवणाला जेवायला बोलावल्याशिवाय एकही राहत नाही. जेवणं, गप्पा, वर मेकअपचे व्हिडिओ. झोपायचं कधी?

आज शेजारच्या सुमनकाकूंकडे केळवण होतं. दारातूनच म्हटलं, "काकू, लवकर वाढा हं, फिर पार्लर जाना है."

त्यांनी माझं तोंड निरखलं आणि पाटाऐवजी गादी घातली. "आधी झोप. पुरणपोळी काही पळून जात नाही."

मी आडवी झाले. कुणीतरी कडी वाजवली, तेव्हा काकूंचा दबका आवाज ऐकू आला, "दुल्हन सो रही है, बाद में आइए."

उठले तोवर पार्लरची वेळ टळली होती. काकूंनी औक्षण केल्यावर काढलेला फोटो सोबत टाकतेय. पावडरसुद्धा लावलेली नाही, खरंच!

घरी आले, तर आई रुखवताचे लाडू वळता वळता डुलक्या घेत होती. मी तिच्या पुढ्यातली परात उचलली आणि गादी घातली.

तुमच्या घरी आज कुणासाठी घालायची आहे?