नुसती चार्जिंगची वायर

सकाळी नवा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चढवता येणारा चिमुकला संगणक, जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. बिस्किटाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर मुंगळ्यासारखी काळी चिप. वायरीने लॅपटॉपला जोडल्याबरोबर कोपऱ्यातला लाल दिवा लागला. समोर पेपर वाचत बसलेले बाबा म्हणाले, "लागला की! झालं काम?"

"तो नुसता वीज पोचल्याचा दिवा, बाबा. लॅपटॉपला बोर्ड अजून दिसतच नाहीये."

सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, सगळी सेटिंग्ज तपासली, स्वतःवरच चिडले. मग लक्षात आलं, हाताला लागलेली वायर फक्त चार्जिंगची होती. तिच्यातून वीज जाते, निरोप जात नाही. या कामात प्रत्येकजण एकदा तरी इथे फसतो. मी दरवर्षी फसते.

दुसरी वायर शोधताना हसू आलं. आमच्या घरातही अशीच वायर आहे. बाबांचा चहा वेळेवर, औषधं वेळेवर, दिवा कायम लागलेला. बोलणं मात्र पेपरआड. तक्रार नाही हं, उजेड काही कमी नाही.

वायर बदलताच बोर्ड दिसला. चिपच्या कोणत्या पायाला, म्हणजे पिनला, दिवा जोडलाय ते प्रोग्राममध्ये लिहिलं, तो बोर्डवर चढवला आणि पाटीवरचा इवलासा निळा दिवा उघडझाप करू लागला. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"फार घाई करतोय गं," दिव्याकडे बघत ते म्हणाले. "जरा सावकाश कर की त्याला."

मी प्रोग्राममधला, दोन उघडझापींमधल्या थांब्याचा आकडा वाढवला. दिवा सावकाश झाला. बाबांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली.