फरशीसाठी घासलेले खिळे

सन एकोणीसशे बत्तीस. मी चोवीस वर्षांचा होतो. ज्या माणसाबद्दल लिहितोय तो तेव्हा सोलापूरच्या आडत बाजारात आपल्या गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघत असे. तोंड नाही, पाय. तुम्ही रामराम घालायला वाकलात तरी त्याची नजर तुमच्या घोट्याच्या वर यायची नाही. मग म्हणायचा, "वळ जरा. टाच दाखव. तोंड खोटं बोलतं, टाच न्हाय."

त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्यानं माझ्या बापाचं नाव बाजारातनं पुसलं, मी त्याचं या कागदावर येऊ देत नाही. माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत, पण एवढं मला कळतं. आपण त्याला सगळे म्हणायचे तसं मालक म्हणू.

मालक मूळचा दुधनीकडचा, लिंगायत. बोलता बोलता कानडीत शिरायचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. धाकट्या मुलीला बघायला एक चांगला शिकलेला मुलगा आला होता. मालकानं त्याला आत बसवलं आणि स्वतः बाहेर येऊन त्याच्या वहाणा उलट्या करून बघितल्या. "नोडु, नोडु, बघा की. एकाच अंगानं झिजलीय. ह्यो माणूस एका अंगाला कलतोय. उद्या माझ्या पोरीवर कलंल." सोयरीक मोडली. बाजार आठवडाभर हसला.

आणि हेही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एकतर्फी लिहितोय. दर चैत्रात तो आपल्या हमालांना नव्या वहाणा घ्यायचा. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन कशी तापते हे तुम्हाला सांगायला नको. एखाद्या हमालाच्या टाचेला भेग दिसली की गादीवरून ओरडायचा, "आरं ए, त्यात मेण भर की! पाय काय सरकारी हायत व्हय?" एवढं त्याचं चांगलं. संपलं.

माझे आप्पा नालबंद. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरला की लोक आधी त्यांची जागा शोधायचे. बैलाला दोर टाकून आडवा करायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खुराच्या दोन्ही फाकांना वेगवेगळी पत्री, म्हणजे बैलाचा नाल, ठोकायची, हे सगळं आप्पा बैलाशी बोलत करायचे. "झालं रं राजा, झालं. एवढा एक खिळा." खिळ्यांची डोकी ते मुद्दाम पत्रीच्या बाहेर उठलेली ठेवत. ती डोकी जमीन धरतात. आपल्याकडच्या काळ्या दगडावर बैल उभा राहतो तो पत्रीवर नाही, त्या डोक्यांवर.

तीस साली मालकानं आपल्या आडतीच्या अंगणात शहाबादी फरशी घातली. आरशासारखी. बैल आत आले की खिळ्यांच्या डोक्यांनी तिच्यावर पांढऱ्या रेघा उठायच्या. त्यानं आप्पांना बोलावलं.

"खिळ्याची डोकी कानशीनं घासून सपाट कर."

"मालक, डोकं गेलं की बैल घसरंल."

"माझी फरशी, माझा बैल. मी सांगतो तसं कर."

आप्पांनी केलं. त्या आठवड्यातच, फरशी नुकती धुतलेली असताना, मालकाचा पांढरा खिलार बैल उंबऱ्यातनं आत आला, मागचे पाय फाकले आणि खुब्यातनं मोडला. आप्पा तिथं नव्हते. मी तेव्हा बाजारात हमाली करायचो, पोत्यांपाशी होतो, मी धावत गेलो तेव्हा बैल पडलेला होता. मालक त्याच्या डोक्याशी बसला, उठला आणि भरल्या बाजारात म्हणाला, "नालबंदानं माझा बैल खाल्ला."

एवढं एकच वाक्य. पण ते कसं चिकटतं ते बघा. दुसऱ्या दिवसापासून आप्पांकडं एकही बैल आला नाही. बायका पाण्याला जाताना म्हणायच्या, हे बैल खाल्लेल्याचं घर. मी आप्पांना म्हणालो, चला, बाजारात उभं राहून सांगू की घासायचं त्यानंच सांगितलं. आप्पा म्हणाले, "सांगणारा कोण बी असू दे. कानस माझ्या हातात व्हती." ऐरण गोणपाटाखाली झाकली आणि बाजेवर बसले. त्यांच्यासारख्या माणसाला बाजेवर बसलेलं बघणं म्हणजे काय, ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. मी पोटासाठी कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात घण मारायला गेलो. प्रत्येक घावाला समोर एकच तोंड धरायचो. घण चांगला बसायचा.

आता बत्तीस सालाकडं या. मालकानं केदारनाथाला जायचं ठरवलं. लिंगायतांचं ते मोठं पीठ. त्याच्या ओळखीचे एक जंगमस्वामी आधी जाऊन आलेले होते, ते बरोबर निघणार होते. त्यांनी सांगितलं की वाटेत बर्फ लागतो, सकाळच्या पारी तो काचेसारखा असतो, आणि त्याच्यावर पाय ठरत नाही. पाय ठरत नाही म्हटल्यावर मालकाची झोप उडाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय बघितलेला माणूस! त्यात देवाच्या वाटेवर कातडं घालायचं नाही असा त्याचा नेम. म्हणजे बूट नाही, चप्पल नाही.

मग त्यानं काय केलं? बर्फाच्या कारखान्यातनं अख्खी लादी आणवली. भुशात गुंडाळून, वर ओलं गोणपाट टाकून बैलगाडीतनं ती अंगणात आली आणि त्याच फरशीवर ठेवली. चैत्राचं ऊन. सगळा आडत बाजार गोळा झाला. हे मी पाहिलेलं नाही, मी कुर्डुवाडीला होतो. पण ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मीच पाहिल्यासारखं झालंय. मालक आधी काथ्याच्या सपाता घालून लादीवर चढला. पडला. मग पायाला घोंगडीचे तुकडे गुंडाळून चढला. थोडा टिकला, घोंगडी भिजली, पडला. मुंबईहून रबरी तळाचे कापडी जोडे मागवले होते, ते घालून तर चढता चढताच पडला. एक हमाल मागनं धोतराचा काष्टा धरून उभा.

"सोडू नको रं!"

"सोडत न्हाय मालक, पर काष्टाच सुटाय लागलाय की!"

लोक हसत होते आणि लादीचे तुकडे मोडून चोखत होते.

शेवटी जंगमस्वामी म्हणाले, तिकडचे भारवाही पायाखाली लोखंडाची काटेरी पट्टी बांधतात. मालकानं गावातल्या नालबंदांना विचारलं. एकानंही काम घेतलं नाही. माणसाच्या पायाला नाल म्हणजे अपशकुन, म्हणाले. मग त्यानं कुणाला निरोप धाडावा? मला. कुर्डुवाडीला. तुम्ही म्हणाल, लाज कशी वाटली नाही. त्याला वाटली नाही, कारण आपलं काही चुकलंय असं त्याच्या मनातच नव्हतं. मला निरोप मिळाला तेव्हा मी हातातला घण खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसलो.

आप्पांची ऐरण मी उघडली. ते बाजेवरून बघत होते. मी दोन जोड केले. तळव्याएवढी पट्टी, तिला दोन्ही बाजूंनी कान, कानातनं मागावरची जाड नवार ओवलेली, आत घोंगडीचा जाड थर. पट्टीत बैलाचे खिळे बसवले, डोकी खाली. एका जोडाची डोकी ठेवली उभी. दुसऱ्याची कानशीनं घासून सपाट केली. कानस चालवताना आप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

अंगणात नवी लादी आणली होती. लोक परत जमले. मी उभ्या डोक्यांचा जोड आधी दिला. मालक चढला, एक पाऊल टाकलं. चर्र. दुसरं टाकलं. चर्र. लादीच्या या टोकाहून त्या टोकाला गेला, वळला, परत आला, आणि लहान पोरासारखा हसला. "यप्पा! नोडु, नोडु! धरतंय की!" खरं सांगतो, त्या घटकेला तो मला आवडला असता. मी आवडू दिला नाही.

"मालक, आता ह्यो दुसरा."

त्यानं खोडीप्रमाणं तो उलटा केला. सपाट डोक्यांवरनं अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

"ह्यो कशाला?"

"ह्यो तुमचा. तुमी सांगून माझ्या बापाकडनं करून घेतलेला. बोला मालक. चार लोकांत आमची अब्रू खाल्लीत, चार लोकांतच ओका."

बर्फ वितळून पाणी फरशीवरनं वाहत होतं. मालकानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कानस कुणाच्या हातात व्हती?" तो म्हणाला.

माझ्या बापाचंच बोलणं! बाजारात पोचलेलं, आणि यानं ते उचलून माझ्या तोंडावर मारलं. मी खाली बसलो, त्याच्या पायातला चांगला जोड सोडला, काखेत मारला.

"मग ह्यो तुमाला मिळायचा न्हाय. माझ्या बापाच्या हातून चूक झाली न्हाय, घासायचं मी सांगितलं, एवढं बोला आन् घेऊन जा."

जंगमस्वामी मध्ये पडले. "आरं पोरा, देवाच्या वाटंवर चाललाय. दे की."

"देवाच्या वाटंवर खोटं घालून जात्यात व्हय स्वामी?"

मालकानं सपाट जोड उचलला. धोतराला पुसला. "ह्योच घेतो," म्हणाला. "केदार बघून घेईल." आणि आत गेला.

मी त्याला थांबवलं नाही. नंतर पुष्कळांनी विचारलं, तुला काही वाटलं नाही का? नाही वाटलं. दोन्ही जोड त्याच्यापुढं ठेवले होते. दोन्हींचा गुण त्याला माहीत होता. त्यानं निवडला. आज तो परत आला आणि परत तोच उचलू लागला, तर मी परत हात बांधून उभा राहीन. माझी इच्छा एकच होती, की तो जिवंत परत यावा. माया म्हणून नव्हे. मेलेला माणूस बाजारात उभा राहून बोलत नाही.

वैशाखात ते दोघे गाडीनं गेले. आषाढात जंगमस्वामी एकटेच आले. आधी मालकाच्या घरी गेले, तिथं रडारड झाली ती आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आली. मग संध्याकाळी पाय ओढत आमच्या दारात आले. मी कुर्डुवाडीची नोकरी सोडून घरीच होतो. त्यांना पाणी दिलं. आप्पा बाजेवर उठून बसले.

स्वामी सांगत होते ते असं. केदार एका मजलेवर राहिला आणि वाटेत बर्फाचा पट्टा आला. मालकानं माझं लोखंड बांधलं. पहिल्या पावलाला घसरला, भारवाह्यानं कमरेला धरलं. दुसऱ्या पावलालाही तेच. भारवाही आपल्या पायातले काटे काढून देत होता. मालकानं घेतले नाहीत. "माझे हायत," म्हणाला. बर्फाच्या कडेला एका धोंड्यावर बसला आणि स्वामींना म्हणाला, तुमी जावा, माझ्या वाटणीची विभूती आणा.

"मी दर्शन घेऊन माघारी आलो," स्वामी म्हणाले, "तरी तिथंच बसलेला. लोखंड मांडीवर उलटं ठेवून त्याच्यावर अंगठा फिरवत होता. मला म्हणाला, 'स्वामी, माझा बैल त्या दिवशी उंबऱ्यात असाच थांबला व्हता. पाय टाकत न्हवता. मी गड्याला चाबूक मारायला लावला. तवा आत आला.' मग म्हणाला, 'नालबंदानं न्हाय खाल्ला. मी खाल्ला.'"

उतरताना त्याला ताप भरला आणि हरिद्वारला पोचल्यावर तो वारला.

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. देवळाच्या इतक्या जवळ जाऊन त्याला दर्शन नाही, आणि कशापायी, तर घासलेल्या खिळ्यांपायी! पण लगेच दुसरा विचार आला, आणि मला मालकाचा आणखी राग आला. कबूल केलं ते कुठं? ढगांत. ऐकायला कोण? एक जंगम आणि एक भारवाही, ज्याला आपली भाषा कळत नाही.

मी आप्पांकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"पाय टाकत न्हवता व्हय?" ते म्हणाले. "त्याला कळलं व्हतं. मुकं जनावर, पर त्याला कळलं व्हतं. आन् चाबूक मारला." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मालकासाठी नाही, बैलासाठी. मग म्हणाले, "बोलला न्हवं? झालं मग. गेलेल्या माणसाचं आता काढायचं न्हाय."

"तुमचं झालं असंल आप्पा. माझं न्हाय झालं."

"त्याच्या घरात सुतक हाय, पोरा."

"आपल्या घरात दोन वरसं हाय."

स्वामी थकले होते, त्यांना मी आमच्याच ओट्यावर अंथरूण घालून दिलं. जाऊ दिलं नाही, असंच म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लिलाव सुरू व्हायच्या आत, मी स्वामींचा हात धरून त्यांना आडत बाजारात नेलं. मालकाचं दुकान बंद होतं. समोरच्या कट्ट्यावर मी त्यांना चढवलं. हमाल थांबले, आडते गादीवरून उठून पायऱ्यांवर आले. स्वामी माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "पोरा, नको रं." मी म्हणालो, "धोंड्यावर बसून जे बोलला तेच बोला. एक शब्द कमी नको, एक जास्त नको. आन् मोठ्यानं." आणि मी खाली, धुळीत, मांडी घालून ऐकायला बसलो.