कासवाचे मागचे पाय

रंभे, हे कुणाकडून वाचून घेत असशील तर आधी खाली बस. उभ्यानं तू कुणाचं ऐकत नाहीस. बसूनही फारसं ऐकत नाहीस, पण निदान डोक्यावरची मासळीची पाटी तरी खाली ठेवशील. तुझ्यावर लिहायला घेतलंय, आणि त्यात बरीचशी स्तुतीच आहे, तेव्हा मध्ये बोलू नकोस.

ज्यांना तू ठाऊक नाहीस त्यांना सांगते. रंभा उत्तनजवळच्या चौक गावची. लग्नाआधीपासून किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारते. आवाज असा, की उत्तनच्या बसमधली माणसं खिडकीतून बोली लावतील. नवरा अतिशय शांत होता. त्या घरात दुसरा काही मार्गही नव्हता. आणि मी मीरा रोडची, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली.

ओळख झाली ती बोंबील घेताना. जाळ्यात अडकलेलं कासव सोडून द्यावं, यावर मी तुला भाषण दिलं. तू बोंबील मोजता मोजता म्हणालीस, "बाई, मना कशाला सांगता? जालं मी टाकते काय? माझ्या दिराला सांगा."

दीर म्हणजे धर्माजी तांडेल. माणूस वाईट नाही. पण कासव अडकलं की जाळं कापायला त्याचा हात उठत नाही. एकेक गाठ सोडवत बसतो, आणि तोवर कासव पाण्याखाली गुदमरतं. तुझा एकच हट्ट होता: त्यानं एकदा, साऱ्या गावासमोर, आपल्या हातानं जाळं कापायचं. एकदा हात धजला की दर्यातही धजेल.

म्हणून आपण खेळ रचला. बारदान आणि जुन्या साड्यांचं कासव, आत दोन माणसं. ते जाळ्यात अडकणार, तू ओरडणार, गावानं सोडवायचं. मग हाच खेळ शाळाशाळांतून न्यायचा. टेम्पो, माईक, रंग, सगळ्याला पैसा हवा होता. कंपन्यांकडे गेले. एकीनं पीपीटी मागितली, दुसरीनं कासवाच्या पाठीवर एवढा मोठा लोगो मागितला की खाली कासव आहे हे सांगावं लागलं असतं. मी दोघींना नमस्कार केला.

शेवटी आमच्या सोसायटीचे लीलाधरभाई म्हणाले, "बेन, वर्गणी कशाला मागता? बोली लावा. आमच्या जैन देरासरमध्ये, देवळात, पहिल्या आरतीचा मान बोलीवरच जातो. तुमच्याकडे मान कशाचा आहे?"

मी विचार करत होते. तू केलाच नाहीस. "कासवाचे पुढचे पाय!"

सोसायटीच्या हॉलमध्ये तू खुर्चीवर चढलीस. "बोला, पुढचे पाय! ताजे हाईत! चौकच्या पहिल्या खेळाला आत जायचा मान!" लीलाधरभाईंनी बोली लावली. गॅरेजवाल्या भावेशनं वर चढवली. लीलाधरभाईंची बायको मृणालिनीबेन म्हणाल्या, "गुडघे बघा आधी!" त्यावर ते इरेला पेटले आणि थेट दुप्पट बोलले. भावेश गार. वर्षभराच्या खेळांचा खर्च निघाला, रंभे, एका माणसाच्या गुडघ्यांवर!

पण तुझी सवय कुठे जाते? वाटा विकला की गिऱ्हाइकाला वर काहीतरी टाकायचंच. पापलेट घेतलं की वर दोन मांदेली. तू लीलाधरभाईंकडे पाहिलंस, इकडेतिकडे पाहिलंस, हाताला काही लागेना. मग माझं मनगट धरून वर उचललंस.

"पुढचे पाय तुमचे, शेट. मागचे पाय वर! आमची बाई!"

हॉल पाच मिनिटं हसत होता. वय वर्षं चौऱ्याहत्तर, एम.एस्सी., आणि मी मांदेली झाले.

चौकला खेळाच्या दिवशी पुढचे पाय डावीकडे जात, मागचे उजवीकडे. "लीलाधरभाई, समुद्र त्या बाजूला!" "बेन, मला काही दिसत नाही!" तेवढ्यात जाळं पडलं, आणि आम्ही खरोखरच गुरफटलो. धर्माजी वाकून शांतपणे गाठी सोडवू लागला. आत उकडून जीव चाललेला. तू ओरडत होतीस, "भावजी, काप! कासव मरंल!" तो म्हणाला, "थांब गो, सुटतंय." तेव्हा आतून लीलाधरभाईंनी अशी काही आरोळी ठोकली की मला तुझाच भास झाला: "अरे भाई, कापो ने! श्वास नथी!"

सुरीचा आवाज आला. मग उजेड, वारा, आणि साऱ्या गावाच्या टाळ्या. धर्माजी हातातल्या सुरीकडे असा पाहत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाची. आणि तू, हट्टी बाई, काय म्हणालीस?

"येवढा मोठा भोक कशाला पाडला? आता पुढचा खेळ काशीमीऱ्याला हाय!"

"दोन वर्सं काप काप करतेस ना?" तो म्हणाला. "दोरा आणा, शिवून देतो."

त्यानंतर त्यानं दर्यातही एकदा जाळं कापलं, हे तूच मला फोनवर सांगितलंस; फोनची गरज नव्हती, थेट ऐकू आलं असतं. दोरा मात्र भाईंदरच्या दुकानातून आपण दोघींनी आणायचा ठरला होता. मंगळवारी, तू म्हणालीस. त्या मंगळवारी होडी किनाऱ्याला लागली आणि तू लिलावात अडकलीस, पुढच्या मंगळवारी माझी कंबर धरली. काशीमीऱ्याला कासव जाळ्याच्या भोकातून आपणहून बाहेर आलं. चेण्याच्या शाळेत पोरं ओरडली, "बाई, ते सुटलेलंच आहे!" दोरा आणायला आपण अजून गेलेलो नाही.