अमाइनचा नमुना

मॅडमनं माझं मनगट धरलं अन् माझा हात पहिल्या बाकावरच्या पोराच्या नाकाखाली नेला.

"घे, वास घे. हा अ‍ॅलिफॅटिक अमाइन. आज बाटली उघडायची गरजच नाही."

वर्ग खदखदून हसला.

आम्ही ढिवर. माय अड्याळच्या बाजारात मासोळ्या विकते. घरी आली की हाताले चिंचेचा कोळ चोळते, मगच भाताले हात लावते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले मले त्याचं कारण समजलं. मासोळीच्या वासात अमाइन असते, ते उडून नाकात जाते. चिंचेतल्या आम्लानं त्याचा क्षार बनते, अन् क्षार काही उडत नाही. माझी माय रोज केमिस्ट्री करून राहिली! कोणाले सांगू अन् कोणाले नाही, असं झालं. मॅडमले सांगितलं.

"वा बेटा! सेमिनार तूच दे. दोन पानं लिहून आण. अन् त्या दिवशी मासोळ्या कापून तशीच ये, हात धुऊ नको."

मी तशीच गेली. एसटीत बाजूची बाई नाकाले पदर लावून उठली. मनात म्हणलं, ऊठ बाई, आज माझा सेमिनार आहे.

वर्गात पाहते तं फळ्यावर राइस मिलवाल्याच्या पोरीचं नाव. आदल्या दिवशी मॅडमले देऊन ठेवलेली माझी दोन पानं तिच्या हातात. मले फक्त नमुना म्हणून बोलावलं होतं. पोरं हसली, त्याचं एवढं नाही लागलं. घात केला तो मॅडमनं. साऱ्या कॉलेजात तिच्या एकटीवर माझा भरोसा होता.

टेबलावर चिंचेच्या कोळाची वाटी ठेवली होती.

"चल, धू आता. सगळ्यांना फरक कळू दे."

मी हात ओढून घेतला.

"नाही धुवत."

"काय?"

"नाही धुवत म्हणलं. वास काहून जाते, ते तिलेच विचारा."

ती पोरगी पानं उलटत राहिली. उत्तर त्यातच लिहिलं होतं, पण तिले काही सापडे ना. मी पानं तिच्या हातातून काढून घेतली.

"इंटर्नलचे मार्क माझ्याकडे आहेत, विसरू नकोस," मॅडम म्हणाली.

"कापा."

कापले तिनं. आता व्हरांड्यात भेटली की म्हणते, "मजाक होता गं, मनावर नको घेऊ."

घेतलं आहे, मॅडम. एमएस्सी करीन, तुमच्यासारख्याच नोकरीले अर्ज करीन, पण हे मनावरून उतरू देणार नाही.