ओळखलंत का मला?

आजाऱ्याला बघायला येणाऱ्या माणसांचा मला वीट आलाय. वीट कसला, किळस येते. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे.

ह्यांची स्कूटर विश्रांतवाडीजवळ घसरली आणि मेंदूला मार बसला. हेल्मेट डिकीत होतं. पुण्यात ते बहुतेक तिथेच असतं. दीड महिन्याने घरी आले तेव्हा चालत होते, जेवत होते, सगळं कळत होतं. फक्त शब्द सापडत नव्हते. तहान लागली की तांब्याकडे बघून "ते... ते..." करायचे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस!

सदाशिव पेठेत बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकू, यांची परीक्षा घेऊ नका. आपणच सांगत राहायचं, हे पाणी, मी आले. घाई केली की हाताशी आलेला शब्दही निसटतो."

मी मान डोलावली. आणि घरी येऊन रिक्षातून उतरता उतरता काय विचारलं? "अहो, मी कोण, सांगा बरं?" ते बघत राहिले, डोळे भरले, त्या दिवशी जेवले नाहीत. माझीच मला शिसारी आली. पुन्हा कधी विचारलं नाही. रोज सकाळी दार उघडून "मी आले हो, दूध आणलंय" एवढंच. महिन्याभराने ते "दूध" म्हणाले. मग "ऊन". मग एकदा पंख्याकडे बघून "बंद".

पण पाहुणे! शहाळं घेऊन यायचं, ह्यांच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडायचं, "काय, ओळखलंत का मला?" एकाने तर बोटं नाचवून "ही किती?" विचारलं. उत्तर आलं नाही की ह्यांच्यासमोरच मला म्हणायचं, "काही कळत नाही वाटतं." मग पोहे खायचे. दोनदा मागून घ्यायचे.

हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या पुतण्याने तर मोबाइलच समोर धरला. "काका, माझं नाव घ्या ना. कम ऑन, काका!" ह्यांच्या कपाळावर घाम, हनुवटीवर लाळ, आणि हा शूटिंग करतोय. संध्याकाळी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर. 'काकांची छान प्रोग्रेस.' खाली जोडलेल्या हातांची रांग. ह्यांनी माझ्या फोनवर ते पाहिलं आणि बोलणंच थांबलं. दूध नाही, ऊन नाही. अकरा दिवस.

"आता पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "तेही त्यांना बोलावंसं वाटलं तर."

तेव्हा मी नियम केला. येणाऱ्याने दारातच आपलं नाव आणि नातं सांगायचं, आत कसलाही प्रश्न विचारायचा नाही.

बाराव्या दिवशी ह्यांची थोरली बहीण आली.

"मी सख्खी बहीण त्याची. मी नाव सांगू? परकी आहे का मी?"

"सांगा, वन्सं. क्षणभराचं काम आहे."

"तू कधीपासून मास्तरीण झालीस गं?"

"तुमच्या भावाचं बघून शिकले."

नाव काही सांगितलं नाही. फणकाऱ्याने आत जाऊन मुकाट बसल्या. म्हटलं, असू दे, मुकाट तर मुकाट. चहा केला, कप त्यांच्या हातात दिला, आणि खुर्चीतून आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट.

"ताई."

मी रिकामा ट्रे हातात घेऊन तशीच उभी. ते त्यांच्याकडे बघून अर्धवट हसत होते. पुढचा शब्द यायच्या बेतात होता, ओठ जुळत होते.

"अगंबाई, बोलला की!" वन्सं पुढे सरकल्या, बोट माझ्याकडे. "आणि ही? ही कोण? नाव सांग बघू हिचं!"

ओठ मिटले. मान भिंतीकडे वळली.

मी वन्संच्या हातातला कप काढून घेतला, भरलेलाच होता, आणि बेसिनमध्ये ओतला. मग त्यांच्या चपला जिन्याकडे तोंड करून नीट लावून ठेवल्या.