मराठीचं बटन

हे मी आजवर बोललेलो नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, प्लांटमधल्या जुन्या दोस्तांना तर नाहीच. आता तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर माझ्याबद्दल चांगलंच ऐकलं असेल. भिलाईच्या स्मृती नगरात कुणालाही विचारा. कापगते? फार मदतीला येणारा माणूस. कॉम्प्युटर बिघडला की त्याला बोलवा.

तिथूनच सुरू होते ही गोष्ट. बोलावण्यापासून.

मी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर होतो. एवढा मोठा कारखाना, आणि त्यातला एखादा काटा हलायचा थांबला की फोन यायचा — कापगते को भेजो. छत्तीस वर्षं हे वाक्य ऐकलं. जेवताना ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. चिडायचो. आणि मग निवृत्त झालो, आणि फोन वाजायचा थांबला. पहिला महिना बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात मी घरातला चांगला चाललेला कूलर उघडून ठेवला. बायको म्हणाली, “त्याले काय झालं होतं?” काय सांगणार? त्याला काही झालं नव्हतं.

समोरच्या घरात गणवीर भाऊ राहतात. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, तेही प्लांटमधलेच, क्रेन चालवायचे. मी भंडाऱ्याकडचा, तेही भंडाऱ्याकडचे, त्यामुळे पहिल्याच दिवशी वहिनींनी मला भाऊजी करून टाकलं. भाऊंकडे एक मोठं काम होतं. समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची यादी ते ठेवायचे. दुर्ग, भिलाई, रायपूर, तिकडे पार गोंदियापर्यंत. रविवारी त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा. मुलगी काय शिकली, मुलगा कुठे लागला, मूळ गाव कोणतं — सगळं कॉम्प्युटरवर, सगळं मराठीत. इथे दुकानापासून बँकेपर्यंत सगळं हिंदीत चालतं, आमची मुलं तर घरातही अर्धं हिंदीच बोलतात. पण यादी मराठीतच राहील, हा भाऊंचा हट्ट. त्या यादीतून जमलेल्या लग्नांच्या पत्रिका ते एका पेटीत जपून ठेवायचे.

तर, त्यांचा कॉम्प्युटर जुना झाला. चालू केला की चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे पडदा उजळणार. नवा घ्यायला निघाले होते. मीच म्हटलं, थांबा भाऊ, याच्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकून देतो. शेवटची काही वर्षं आमच्या कंट्रोल रूममध्ये तेच होतं, मला थोडंफार येत होतं. टाकलं. मशीन पळायला लागलं. भाऊ मुलीला फोनवर म्हणाले, “सुरेशने म्हाताऱ्याले जवान केलं.” कॉम्प्युटरबद्दल म्हणाले, पण मला ते माझ्याबद्दलच वाटलं.

आणि मग बोलावणी सुरू झाली. आवाज येत नाही — गेलो, तर आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरकडे वळलेला, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. प्रिंटर कागद सोडत नाही — गेलो, तर आधीचा एक अडकलेला कागद रांगेत बसून होता, त्याला रद्द केलं की मागचे सगळे सुटले. वाय-फाय दिसत नाही, तारीख चुकली, पेन ड्राइव्ह उघडत नाही. प्रत्येक वेळी वहिनींचा चहा, चुरमुऱ्याचा चिवडा, आणि भाऊंचं ते टक लावून बघणं. मी काळ्या खिडकीत चार अक्षरं लिहायचो, पांढऱ्या ओळी सरसर धावायच्या, आणि भाऊ म्हणायचे, “याले म्हणते दिमाग.”

इथपर्यंत ठीक आहे ना? इथपर्यंत मी भला माणूस आहे.

पुढे मी काय केलं — आज आवाज दुरुस्त केला, तर प्रिंटरचं गुरुवारी बघू म्हणायचो. प्रिंटरचं काम दोन मिनिटांचं असायचं. पण मग गुरुवारी काय करू? काम थोडं शिल्लक ठेवलं की बोलावणं शिल्लक राहतं. हेही तुम्ही कदाचित माफ कराल, हसाल. मीही हसायचो. पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते हे नाही.

एका उन्हाळ्यात दोन महिने काही म्हणजे काही बिघडलं नाही. चांगल्या दुरुस्तीचा हा तोटा. मी खिडकीतून समोर बघायचो. ओसरीवर माणसं येत होती, यादी छापली जात होती, भाऊ खुशीत होते. मला कुणी बोलावत नव्हतं. नुसतं चहाला जाता आलं नसतं का? आलं असतं. पण कशाला आलात असं कुणी विचारलं तर, हातात काम नको?

त्या बुधवारी दुपारी मी काही तरी निमित्त काढून गेलो. तेवढ्यात हथखोजहून एक गृहस्थ मुलीची माहिती घेऊन आले. भाऊ आणि वहिनी त्यांना घ्यायला दाराशी गेले. मी कॉम्प्युटरसमोर एकटा. भाऊ इंग्रजीतून मराठीत जायला खिडकीचं चिन्ह असलेलं बटन आणि स्पेस दाबायचे. हे कोणत्या बटनांनी व्हावं, याची कीबोर्डच्या सेटिंगमध्ये यादी असते, प्रत्येकासमोर एक चौकोन. मी एका चौकोनातली खूण काढली आणि दुसऱ्यात केली. आता अल्ट आणि शिफ्ट. अर्धं मिनिटही लागलं नाही. खिडकी बंद केली, पाहुण्यांना नमस्कार केला, घरी आलो आणि फोन समोर ठेवून बसलो.

वाजला. वाजणारच होता.

“सुरेश, येतोस का जरा? मराठी उमटून नाही राहिलं.”

माझा बेत साधा होता. जायचं, सेटिंग बिघडलं होतं म्हणायचं, दुरुस्त करायचं, चहा प्यायचा. पण मी गेलो तेव्हा हथखोजचे पाहुणे तिथेच बसलेले, वहिनी मागे उभ्या, आणि भाऊ पुन्हा पुन्हा तीच दोन बटनं दाबत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “मी तर रोज हेच दाबत होतो ना? सकाळीही दाबलं. मग आता कावून नाही होऊन राहिलं? कोणी बदलवलं का?”

कोणी बदललं का. हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. मी घाबरलो. एवढ्या वेळात त्या खुर्चीवर दुसरं कोण बसलं होतं? आणि माझ्या तोंडून निघालं —

“नाही भाऊ. अल्ट-शिफ्टच होतं. विसरले तुम्ही.”

पाहुणे हसले. म्हणाले, “उमर है दादा, चलता है.” भाऊही हसले. पण थोडं उशिरा हसले. मी तो उशीर बघितला. बघितला आणि चिवड्याची बशी पुढे ओढली.

हे एवढंच आहे. दोन बटनं आणि एक वाक्य. पण मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती माहीत असताना मी ते वाक्य बोललो. भाऊंचे मोठे भाऊ शेवटच्या वर्षांत सगळं विसरले होते. घराचा रस्ता, मुलांची नावं. भाऊंनी त्यांचं सगळं केलं होतं. आपलंही तसंच होईल ही भीती त्यांनी मला एकदा पुलाजवळच्या टपरीवर सांगितली होती. बायकोला सांगितली नव्हती. मला सांगितली होती.

पुढच्या आठवड्यात मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटली — अल्ट-शिफ्ट. मग दुसरी, पासवर्डची. मग एक फ्रीजवर, गोळ्या घेतल्याची. वहिनींना दिवसातून तीनदा विचारायचे, गॅस बंद केला का? दर रविवारी संध्याकाळी स्कूटरवर कुम्हारीला मुलीकडे जायचे, ते थांबलं. म्हणाले, मधेच रस्ता विसरलो तर? सरळ हायवे आहे हो. विसरायला त्यात वळण तरी कुठे आहे? डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, पाच वस्तूंची नावं दहा मिनिटांनी विचारली. भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाले, “त्याले काय समजते? मले रोजचं बटन आठवलं नाही.”

तेव्हा तरी सांगायचं होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “रिक्षा बोलावतो.”

महिन्याभरात त्यांनी यादीचं काम दुसऱ्या एका कार्यकर्त्याकडे देऊन टाकलं. चुकीच्या मुलाची माहिती चुकीच्या घरी गेली तर, म्हणाले, कोणाच्या मुलीचं वाटोळं नको माझ्या हातून. स्कूटरही विकली.

मग मी सुधारायला गेलो. तेही चोरूनच. एका सकाळी ते आंघोळीला असताना सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं. वाटलं, चला, मिटलं. काय मिटलं? भाऊ बसले, चिठ्ठी बघितली, अल्ट-शिफ्ट दाबलं, मराठी आलं नाही. चिठ्ठी पुन्हा वाचली. पुन्हा दाबलं. मग हळूच दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. “वाचूनही जमत नाही आता,” म्हणाले. मी त्या दिवशी दुपारी परत गेलो आणि सेटिंगमधल्या दोन्ही चौकोनांत खूण केली. आता काहीही दाबा, मराठी येणारच. त्यांनी ते शोधून काढलं तेव्हा मला मुद्दाम बोलावून दाखवलं. “हे पाय, हेही दाबलं तरी होते, तेही दाबलं तरी होते. सुधारलं वाटते आपोआप.” एवढे आनंदले होते. मी म्हटलं, वा.

आता चांगलं झालेलं सांगतो, कारण चांगलंही झालं, आणि त्यात माझा काही हात नाही. वहिनींनी वही घेतली. शाळेची दोनशे पानी वही. “भाऊजी, तुम्ही काय करून राहिले ते सांगत जा. यांचं मन लागत नाही, तं मीच शिकतो.” विदर्भातल्या बायका असंच बोलतात, शिकतो, करतो. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. आवाज गेला तर आधी काय बघायचं, प्रिंटर अडला तर काय. आणि एकदा मी नागपूरला लग्नाला गेलेलो असताना तो कॉम्प्युटर आत जाऊच देईना. पासवर्ड टाकला की पुन्हा पासवर्डच विचारायचा. मला फोन आला. मी मांडवातून सांगायला लागलो, तर वहिनी म्हणाल्या, “काळ्या पडद्यावर गेली मी, कंट्रोल-अल्ट-एफ थ्री दाबून. डिस्क शंभर टक्के भरली दिसते. जुन्या अपडेटची पाकिटं साफ करून टाकू का?” मी म्हटलं, करा. “केली,” म्हणाल्या. “तुम्ही जेवा निवांत.”

आता गल्लीत बोलावणं त्यांनाच येतं. गुप्तांच्या घरी, नायरांच्या घरी. वही बगलेत मारून जातात. आणि मला त्या म्हणाल्या, “भाऊजी, कॉम्प्युटर चांगला आहे. चहाले येत जा ना.” इतकं सोपं होतं ते.

यादीही परत आली. त्या कार्यकर्त्याने दोन रविवारांत हात टेकले. आता वहिनी टाइप करतात आणि भाऊ बाजूला बसून सांगतात — कुणाची मुलगी, किती शिकली, मावशी कुठे दिली, मामा रेल्वेत कोणत्या जागी आहे. कागद न बघता. तीनशे घरांचं सगळं तोंडपाठ. मी ऐकत बसतो. ओसरी पुन्हा भरते, हसणं-खिदळणं चालतं, भाऊ पंच्याहत्तरीच्या मानाने ठणठणीत आहेत. पण स्कूटर चालवत नाहीत. रविवारी मी त्यांना मागे बसवून कुम्हारीला नेतो, आणि ते मुलीला दर वेळी सांगतात, “सुरेश आहे म्हणून.” मुलगी मला आधी वाढते.

मागच्या महिन्यात वहिनी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये गेल्या होत्या. नायरांना मल्याळम हवं होतं, त्याआधी आपल्या मशीनवर करून बघत होत्या. ती चौकोनांची यादी त्यांनी उघडली. दोन खुणा बघितल्या. भाऊ बाहेर झाडांना पाणी घालत होते.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हे बटन आपोआप बदलते का कधी?”

“अपडेटमुळे होते कधी कधी,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वहीत काही लिहिलंही नाही. “हो का,” म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

होतही असेल कुठे अपडेटमुळे. त्या बुधवारी अपडेट झालेला नव्हता. चहा आला, आणि मी तो पूर्ण प्यालो.